रणगाड्याची ढाल आणि सेकंदाचा पाचवा हिस्सा

२२ सप्टेंबर २०२० रोजी नगरजवळच्या के. के. रेंजवर अर्जुन रणगाड्याच्या तोफेतून एक लेझर-निर्देशित क्षेपणास्त्र सुटलं आणि तीन किलोमीटरवरचं लक्ष्य त्याने फोडलं. १ ऑक्टोबरला दुसरी चाचणी झाली. पुढे २०२२ मध्ये जूनला आणि ऑगस्टला आणखी झाल्या. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट असल्याने बातमी तुमच्याही मोबाईलवर आली असेल. पण त्या बातमीत एक वाक्य होतं, त्यावर फारसं कुणी थांबलं नाही. वाक्य असं होतं की हे क्षेपणास्त्र 'टँडेम' स्फोटशीर्ष वापरतं, म्हणजे ईआरए लावलेले रणगाडेसुद्धा ते भेदू शकतं.

आता गंमत बघा. हे क्षेपणास्त्र बनवलं पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीईने, आणि सोबत होत्या सुतारवाडीची एचईएमआरएल आणि देहरादूनची आयआरडीई. आणि ईआरए, म्हणजे स्फोटक भरलेल्या पेट्यांचं जे चिलखत आपल्या रणगाड्यांवर बसतं, तेही विकसित केलं एचईएमआरएलनेच. म्हणजे ढाल जिथे घडली, तिथल्याच लोकांचा हात ढाल फोडणाऱ्या भाल्यातही आहे. यात विसंगती काही नाही. ढाल कुठे फुटते हे ज्याला नीट कळतं, तोच पुढची ढाल करतो. संशोधनाला निघालेल्या माणसाने हा मुद्दा सुरुवातीलाच डोक्यात ठेवलेला बरा, कारण सिनॉप्सिस लिहिताना आपण सगळे आपल्या उपायाचं कौतुक करतो आणि तो कुठे मोडेल हे लिहायचं टाळतो.

आजचा लेख पुढच्या ढालीवर आहे. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून एपीएस म्हणतात, मराठीत सक्रिय संरक्षण प्रणाली म्हणू. येणारं रॉकेट रणगाड्याला लागायच्या आधीच हवेत गाठायचं, अशी ही कल्पना. अकरावीचं फिजिक्स आणि कॅल्क्युलेटर एवढं पुरेल. माझं स्वतःचं पीएच.डी.चं काम सिग्नल प्रोसेसिंगवर आहे, लष्करी नाही. त्यामुळे इथे जे आहे ते उघड साहित्यातलं आहे आणि आकडेमोड तुम्ही स्वतः करून तपासू शकता अशी आहे. तपासाच.

आधी भाला समजून घ्या

खांद्यावरून डागायचं आरपीजी असो की मोठं रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र, बहुतेकांच्या पुढच्या भागात 'शेप्ड चार्ज' असतो. स्फोटकाच्या नळकांड्याला समोरून शंकूच्या आकाराचा खोलगट खळगा, आणि त्या खळग्याला आतून तांब्याचं पातळ अस्तर. मागून स्फोट सुरू झाला की शंकू आतल्या बाजूला चेपतो आणि त्याच्या अक्षावरून तांब्याची एक बारीक धार पुढे फेकली जाते. धारेच्या टोकाचा वेग सेकंदाला ८ ते १० किलोमीटर, शेपटीचा वेग त्यापेक्षा खूपच कमी. टोक पुढे पळतंय आणि शेपूट मागे रेंगाळतंय, म्हणून धार ताणली जाते, लांब होते आणि शेवटी तिचे तुकडे पडतात.

यूट्यूबवर हमखास ऐकायला मिळतं की ही धार 'चिलखत वितळवून' आत जाते. तसं नाही. धार गरम असते, पण ती भेदते ती उष्णतेने नाही, दाबाने. हा दाब इतका प्रचंड असतो की पोलादाची ताकद त्याच्यापुढे नगण्य ठरते आणि पोलाद व तांबं दोन्ही एखाद्या द्रवासारखे वागतात. १९४८ साली बर्कहॉफ, मॅकडुगल, प्यू आणि टेलर या चौघांनी 'जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्स'मध्ये हे गणित मांडलं. बर्नुलीचं समीकरण दोन्ही बाजूंना लावलं की उत्तर असं येतं: भेदनाची खोली म्हणजे धारेची लांबी गुणिले, धारेच्या आणि चिलखताच्या घनतेच्या गुणोत्तराचं वर्गमूळ.

या सूत्राकडे जरा निवांत बघा. त्यात काय आहे यापेक्षा काय नाही ते महत्त्वाचं आहे. वेग नाही. पोलादाची ताकद नाही. (वेग एका मर्यादेखाली गेला की सूत्र लागू पडत नाही, हे खरं, पण त्या मर्यादेच्या वर तो सूत्रात येत नाही.) तांब्याची घनता ८.९६, पोलादाची ७.८५, गुणोत्तराचं वर्गमूळ सुमारे १.०७. म्हणजे धार जेवढी लांब, साधारण तेवढंच खोल भोक. तुम्ही पोलाद आणखी कडक केलं तरी या हिशेबात फार फरक पडत नाही. जाडीच वाढवावी लागते.

आणि जाडी म्हणजे वजन. एक चौरस मीटर पोलादी पत्रा, जाडी १०० मिलिमीटर: वजन ७८५ किलो. वाहनाचा सगळा पृष्ठभाग समजा ६० चौरस मीटर धरला तर ४७ टन. एवढ्या ओझ्याचं काय करायचं हे आमच्या शेवगाव भागात, गोदाकाठच्या काळ्या रानात, कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ऑगस्टमध्ये रिकामा ट्रॅक्टर रुतला तरी अर्धा दिवस जातो. त्यात पूल आले, रेल्वेच्या वाघिणी आल्या, घाट आले. अर्जुनची सुधारित आवृत्ती आताच ६८ टनांच्या आसपास गेली आहे. लडाखसाठी बनवलेला 'जोरावर' हा हलका रणगाडा मात्र २५ टनांचा ठेवायचा होता, तो जुलै २०२४ मध्ये हजिऱ्याला लोकांसमोर आला. नगरच्याच व्हीआरडीईने टाटांबरोबर केलेलं आठ चाकी 'व्हॅप' वाहन तर पाण्यातही तरंगतं. (त्याचा कारखाना सप्टेंबर २०२५ मध्ये मोरोक्कोत बेरेचिदला सुरू झाला. वाहननगरमध्ये आखलेली गाडी आफ्रिकेत तयार होते, हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे.) तरंगणाऱ्या गाडीवर ४७ टन पोलाद कुठून चढवणार?

पेट्यांचं चिलखत

यावर पहिली हुशार युक्ती म्हणजे ईआरए. दोन पोलादी पत्रे, मध्ये स्फोटकाचा थर. धार आत शिरली की थर उडतो, पत्रे एकमेकांपासून दूर फेकले जातात आणि तिरके सरकत धारेला बाजूने कापत राहतात. मानफ्रेड हेल्ड या जर्मन संशोधकाचं नाव या कल्पनेशी जोडलेलं आहे. १९८२ च्या लेबनॉन युद्धात इस्रायली रणगाड्यांवर अशा पेट्या पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसल्या.

'तिरके' हा शब्द इथे सगळ्यात महत्त्वाचा. धार पत्र्याला अगदी काटकोनात लागली तर पत्रे धारेच्याच रेषेत पुढे-मागे जातात. एकदा पडलेल्या भोकातून उरलेली धार आरामात निघून जाते. पत्रा तिरका असेल तरच प्रत्येक क्षणी धारेसमोर पत्र्याचा नवा, न फुटलेला भाग येत राहतो. म्हणून या पेट्या नेहमी कलत्या बसवलेल्या दिसतात. फोटो काढून बघा आणि मग हे वाक्य पुन्हा वाचा.

ढाल आली तसा तोडही आला: टँडेम. पुढे एक छोटा शेप्ड चार्ज, तो पेटी उडवून टाकतो. किंचित उशिरा मागचा मोठा चार्ज मोकळ्या झालेल्या जागेतून खऱ्या चिलखताला भिडतो. के. के. रेंजवरच्या बातमीतलं ते वाक्य हेच सांगत होतं.

हवेतच गाठायचं

सक्रिय संरक्षणाचे दोन प्रकार. पहिला मवाळ: शत्रूच्या अस्त्राला फसवायचं. के. के. रेंजवरचं क्षेपणास्त्र लेझरने दाखवलेल्या लक्ष्याकडे जातं. म्हणजे कुणीतरी रणगाड्यावर लेझर रोखलेला असतो, आणि तो लेझर रणगाड्यावरच्या सेन्सरलाही दिसू शकतो. दिसला की इशारा, आणि दाट धूर. अर्जुनच्या सुधारित आवृत्तीसाठी अशी लेझर-इशारा व प्रतिकार यंत्रणा विकसित झालेली आहे. पण साध्या आरपीजीला ना लेझर लागतो ना मार्गदर्शन. त्याला फसवायचं कसं? तो आंधळाच आहे.

म्हणून दुसरा, जहाल प्रकार: त्याला प्रत्यक्ष मारायचं. सोव्हिएत संघाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला टी-५५ वर 'द्रोझ्द' नावाची प्रणाली बसवली होती. इस्रायलची 'ट्रॉफी' आज सगळ्यांत चर्चेत. मार्च २०११ मध्ये गाझाच्या सीमेजवळ तिने मेर्कावा रणगाड्यावर येणारं रॉकेट पहिल्यांदा खऱ्या लढाईत अडवलं. आपल्या संरक्षण खात्याने ३ सप्टेंबर २०२४ ला भविष्यातल्या रणगाड्याच्या, एफआरसीव्हीच्या, खरेदीला प्राथमिक मान्यता दिली. त्या पिढीच्या कुठल्याही रणगाड्याबद्दल वाचाल तर एपीएसचा उल्लेख आल्याशिवाय राहत नाही.

इथून पुढे कॅल्क्युलेटर घ्या.

आरपीजीचा कमाल वेग सेकंदाला साधारण ३०० मीटर. सरासरी २५० धरू. गल्लीतून, ५० मीटरवरून डागलं, तर हातात किती वेळ? ०.२ सेकंद. सेकंदाचा पाचवा हिस्सा. माणसाची प्रतिक्रिया यायलाच एवढा वेळ लागतो, म्हणजे चालक दलाला काही विचारायची सोयच नाही. रडारने बघायचं, ते रॉकेटच आहे हे ठरवायचं, ते आपल्याला लागणार की बाजूने जाणार हे काढायचं, प्रतिमारा त्या दिशेने करायचा आणि नेमक्या क्षणी उडवायचा. सगळं २०० मिलिसेकंदांत.

पहिलं काम ओळखीचं. रडार डॉप्लर बदल मोजतं: वस्तूच्या वेगाच्या दुप्पट गुणिले रडारची वारंवारता, भागिले प्रकाशाचा वेग. समजा रडार १० गिगाहर्ट्झचं आहे (आकडा फक्त हिशेब सोपा व्हावा म्हणून). ३०० मीटर प्रतिसेकंद वेगाच्या रॉकेटला २० किलोहर्ट्झ. ८०० मीटरच्या बंदुकीच्या गोळीला सुमारे ५३ किलोहर्ट्झ. १५ मीटरने उडणाऱ्या कबुतराला १ किलोहर्ट्झ. झाडाच्या फांद्यांना त्याहूनही कमी. म्हणजे वेगाची एक चाळणी लावली की कबूतरही गळतं आणि गोळीही गळते, मधलं रॉकेट उरतं. छान वाटतं ना?

पण चाळणी बारीक करायला वेळ लागतो, आणि वेळच तर नाहीये. एक मीटर प्रतिसेकंद इतका बारीक वेगफरक ओळखायचा तर वारंवारतेतला फरक सुमारे ६७ हर्ट्झ. तो वेगळा दिसायला सिग्नल किमान १५ मिलिसेकंद ऐकावा लागतो. तेवढ्यात रॉकेट साडेचार मीटर पुढे आलेलं असतं. दहा मीटर प्रतिसेकंद एवढ्या भरड चाळणीवर समाधान मानलं तर दीड मिलिसेकंद पुरतात, रॉकेट जेमतेम ४५ सेंटिमीटर सरकतं. अचूकता हवी की वेळ? दोन्ही मिळत नाहीत. हा तंत्रज्ञानाचा दोष नाही, फूरिए रूपांतराचा स्वभाव आहे. कितीही पैसे ओतले तरी तो बदलत नाही. तुमच्या विषयातही अशी एखादी भिंत असणार. ती कुठे आहे हे पहिल्या सहा महिन्यांत शोधा. गाईडना विचारायला लाजू नका, त्यांना तो प्रश्न आवडतो.

दुसरं काम दिशेचं. रणगाडा साडेतीन मीटर रुंद धरला तर ५० मीटरवरून तो मध्यापासून दोन्ही बाजूंना फक्त दोन-दोन अंश दिसतो. दिशा मोजण्यात एक अंशाची चूक म्हणजे ८७ सेंटिमीटर इकडे-तिकडे. रॉकेट लागणार की चुकणार, हे एवढ्या जागेत ठरवायचं.

तिसरं, प्रत्यक्ष मारा. प्रतिमाऱ्याचे तुकडे समजा सेकंदाला १५०० मीटरने सुटले आणि रॉकेटला रणगाड्यापासून १० मीटरवर गाठायचं आहे. तुकड्यांना ६.७ मिलिसेकंद लागतात, तेवढ्यात रॉकेट दोन मीटर पुढे येतं. ते आधीच धरून नेम धरावा लागतो. वेळेची चूक एक मिलिसेकंदाची झाली तर ३० सेंटिमीटरचा फरक. आरपीजीचं रॉकेट सगळं मिळून एक मीटरही लांब नसतं. ३० सेंटिमीटर चुकलं की शंकूऐवजी शेपटीला लागतं, आणि शेप्ड चार्ज शाबूत राहतो.

रणगाड्याच्या तोफेतून सुटणारा लांब धातूचा दांडा तर सेकंदाला १७०० मीटरने येतो. तिथे एक मिलिसेकंद म्हणजे पावणेदोन मीटर. शिवाय त्यात स्फोटक नाही, नाजूक शंकू नाही, नुसता जड धातू. तुकड्यांनी त्याला ओरखडे पडतात. म्हणून बहुतेक प्रणालींचा भर रॉकेट आणि क्षेपणास्त्रांवर असतो, आणि जड चिलखताची अजून सुट्टी झालेली नाही.

खोटा इशारा

माझ्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यात अवघड भाग हा आहे, आणि कंपन्यांच्या व्हिडिओत तो कधीच नसतो.

समजा प्रणाली दर सेकंदाला १००० वेळा ठरवते: 'धोका आहे' किंवा 'नाही'. तासाला ३६ लाख निर्णय. दहा लाखांत एकदाच चुकून 'आहे' म्हणत असेल, म्हणजे ९९.९९९९ टक्के बरोबर असेल, तरी तासाला तीन-चार खोटे इशारे. कागदावर हा क्लासिफायर पाहून मशीन लर्निंगवाले टाळ्या वाजवतील. पण इथे प्रत्येक खोटा इशारा म्हणजे रणगाड्याच्या बाजूला एक खरा स्फोट. आणि रणगाड्याच्या बाजूला कोण असतं? वस्तीच्या भागात रणगाडा एकटा जात नाही, पायदळ त्याच्या आडोशानेच चालतं. साधी बाजारपेठ असेल तर दुकानाच्या ओट्यावर माणसं असतात. द्रोझ्दसारख्या सुरुवातीच्या प्रणालींबद्दलची मोठी तक्रार हीच होती की सोबतच्या आपल्याच सैनिकांना तिच्या तुकड्यांचा धोका आहे. शिवाय प्रतिमाऱ्याच्या नळ्या मोजक्या; चार खोट्या इशाऱ्यांत त्या संपल्या तर पाचवं खरं रॉकेट आलं तेव्हा रिकामे हात.

उंबरठा वर नेला की खोटे इशारे कमी होतात, पण खरं रॉकेट निसटायची शक्यता वाढते. खाली आणला की उलटं. उंबरठा कुठे ठेवायचा हा प्रश्न गणित सोडवत नाही. आतल्या तिघा-चौघांचा जीव आणि बाहेरच्या माणसांचा जीव यांची तुलना कुणीतरी करायची असते, आणि तो आकडा कोडमध्ये एका ओळीत लिहिलेला असतो. तुमच्यापैकी कुणी पुढे अशा ओळी लिहिणार असेल, तर ती ओळ काय करते हे समजून लिहा, एवढंच.

आता टक्केवारीचं. 'आमची प्रणाली १०० टक्के यशस्वी' असं वाचलं की पहिला प्रश्न: कितीपैकी? समजा २० पैकी २० चाचण्या यशस्वी झाल्या. ज्या प्रणालीची अपयशाची खरी शक्यता १४ टक्के आहे, तीसुद्धा २० पैकी २० वेळा यशस्वी होण्याची शक्यता जवळपास ५ टक्के असते. करून बघा, ०.८६ चा विसावा घात. म्हणजे २० निर्दोष चाचण्यांवरून ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की अपयश १४ टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. अपयश १ टक्क्याच्या आत आहे असं म्हणायला सलग ३०० यशस्वी चाचण्या लागतात. याचं सोपं सूत्र तीन भागिले चाचण्यांची संख्या. खऱ्या रॉकेटच्या ३०० चाचण्या कुणाला परवडतात? म्हणून सिम्युलेशन येतं, आणि मग सिम्युलेशन खरं कशावरून हा नवा प्रश्न येतो. व्हायवाला बाहेरचे परीक्षक इथेच बोट ठेवतात. विषय रणगाड्याचा असो की कापसाच्या बोंडअळीचा, '२० पैकी २०' हा निकाल नाही, सुरुवात आहे.

शेवगावहून तिसगावमार्गे नगरला येताना भिंगारची छावणी लागते. त्याच नगरमध्ये आर्मर्ड कोअरच्या केंद्रात 'फामागुस्ता' नावाचा एक सेंच्युरियन रणगाडा जपून ठेवलेला आहे. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल त्यात होते. पुण्यात जन्मलेले, वय २१. रणगाडा पेटल्यावरही ते लढत राहिले आणि त्यातच गेले. मरणोत्तर परमवीर चक्र. तुमच्या-माझ्यापेक्षा लहान मुलगा. १४ टक्के की १ टक्का, हा वाद करताना त्या पोलादाच्या आत कुणीतरी बसलेलं असतं.

आणि मग ड्रोन आले

वरच्या डॉप्लरच्या हिशेबाकडे परत जाऊ. चाळणी लावून आपण कबुतराला बाहेर काढलं होतं. युक्रेनच्या युद्धात रणगाड्यांवर स्फोटक बांधलेले छोटे ड्रोन येऊ लागले. वेग धरा सेकंदाला २५ मीटर. १० गिगाहर्ट्झला डॉप्लर बदल सुमारे १.७ किलोहर्ट्झ. कबुतराचा १ होता. म्हणजे ज्या चाळणीने खोटे इशारे थांबवले, तीच चाळणी आता ड्रोनला पक्षी समजून बाजूला काढते. आणि चाळणी सैल केली की सगळे पक्षी आत. शिवाय ड्रोन वरून येतो, जिथे रणगाड्याचं चिलखत सगळ्यात पातळ असतं, आणि सुरुवातीच्या अनेक प्रणालींची नजर आडव्या दिशेने येणाऱ्या अस्त्रांसाठी बेतलेली होती. तोवर तिथल्या सैनिकांनी रणगाड्यांवर लोखंडी जाळ्यांचे मांडव ठोकले. दिसायला ओबडधोबड, पण त्यात कल्पना आहे: स्फोट चिलखतापासून लांब झाला की ताणलेली धार पोचेपर्यंत तुटते. (अंतर थोडंच वाढलं तर उलट भेदन वाढूही शकतं. का, ते वरच्या दुसऱ्या भागावरून तुम्हाला सांगता यायला हवं.)

संशोधनाच्या दृष्टीने खरी मोकळी जागा इथे आहे. ड्रोनचं शरीर २५ मीटरने चालतं, पण त्याच्या पात्यांची टोकं त्याच्या कितीतरी पट वेगाने फिरतात. त्यामुळे परत येणाऱ्या सिग्नलमध्ये मुख्य रेघेच्या दोन्ही बाजूंना पात्यांचे पट्टे उमटतात. पक्ष्याचे पंख सेकंदाला काही वेळाच हलतात, त्यांचा ठसा वेगळा. याला मायक्रो-डॉप्लर म्हणतात. अडचण तीच जुनी: ठसा स्पष्ट दिसायला वेळ ऐकावं लागतं, आणि बॅकग्राउंडला रणगाड्याचं स्वतःचं इंजिन थरथरत असतं. पण ड्रोन हळू आहे, त्यामुळे इथे २०० मिलिसेकंदांऐवजी काही सेकंद मिळतात. म्हणजे आरपीजीच्या बाबतीत जी भिंत होती, ती इथे थोडी मागे सरकली आहे.

वाचायला सुरुवात कुठून करायची? डीआरडीओचं 'डिफेन्स सायन्स जर्नल' मोफत उपलब्ध आहे, चिलखत, स्फोटकं, रडार सगळ्यावर पेपर मिळतात. 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ इम्पॅक्ट इंजिनीअरिंग' कॉलेजच्या लायब्ररीतून मिळालं तर बघा. शोधगंगेवर भारतीय प्रबंध आहेत. त्यातलं पहिलं प्रकरण आणि शेवटचं 'पुढील काम' हे प्रकरण आधी वाचा, मधलं नंतर. पुण्यात गिरीनगरला डायट आहे, आणि डीआरडीओच्या प्रयोगशाळा जेआरएफच्या जाहिराती काढतात, त्यांना साधारणपणे नेट किंवा गेट लागते. गोपनीय काही हाताशी नसलं तरी काम अडत नाही. १९४८ चा तो पेपर आजही पहिल्या पानापासून समजतो.

आणि प्रयोग करायचा असेल तर छताच्या पंख्यापासून करा. २४ गिगाहर्ट्झची छोटी रडार मॉड्यूल्स बाजारात स्वस्तात मिळतात, आपोआप उघडणाऱ्या दारांच्या सेन्सरमध्येही तसलीच असतात. पंख्याच्या पातळीत, बाजूने, मॉड्यूल धरा. पातं ६० सेंटिमीटर लांब आणि पंखा मिनिटाला ३०० फेऱ्या घेत असेल, तर टोकाचा वेग सुमारे १९ मीटर प्रतिसेकंद आणि डॉप्लर बदल ३ किलोहर्ट्झच्या आसपास यायला हवा. ध्वनीच्याच टप्प्यातला सिग्नल आहे हा, सिग्नल वाढवून लॅपटॉपच्या माईक इनपुटला दिला तर नोंदवता येतो. स्पेक्ट्रोग्राम काढा, आधी १५ मिलिसेकंदांच्या खिडकीने, मग दीडच्या. एकात पात्याच्या रेघा बारीक पण पसरट, दुसऱ्यात वेळ नेमकी पण वेग भरड दिसेल. रेग्युलेटर एकवर आणून पुन्हा घ्या.